हिवरवाडीचा समुद्र

औरंगाबादपासून समुद्र किती लांब, हे त्रिंबकला तोंडपाठ होतं. घाट धरून साडेतीनशे किलोमीटर. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकायच्या आधी तेच विचारायचा, आणि पहिल्या वर्षानंतर तात्यासाहेबांनी उत्तर द्यायचं काम शिपायाकडे सोपवून टाकलं. शिपाई म्हणजे त्रिंबकच.

ऑफिसाचं नाव होतं ‘सागरी तेल व वायू स्वस्त वेधन संशोधन अग्रक्रम केंद्र’. मुकुंदवाडीत रेल्वेलाइनीच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पाटी रंगवायला माणूस आला तेव्हा कळलं, की नाव भिंतीपेक्षा लांब आहे. मग ‘केंद्र’ हा शब्द शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर गेला. गिरणीवाल्याची काही हरकत नव्हती. उलट तेलाचं नाव ऐकून बाया रॉकेलचे डबे घेऊन सकाळीच रांगेला उभ्या राहायच्या, आणि रॉकेल नाही म्हटल्यावर, आलोच आहोत तर दळण तरी टाकू, असं म्हणायच्या. गिरणी जोरात चालली होती.

आता बोरी-बाभळींच्या मुलखात समुद्राचं ऑफिस कुणी आणलं, असं कुणी म्हणेल. त्याचं असं झालं, की जगात तेलाचे भाव कोसळले आणि दिल्लीत ठरलं, समुद्राच्या तळाला भोकं पाडायची ती स्वस्तात पाडायची. स्वस्तात कशी, याचं संशोधन करायचं. आणि कुठलं संशोधन आधी करायचं, हे ठरवायला एक केंद्र काढायचं. नेमका त्याच आठवड्यात दुसरा हुकूम निघाला, की यापुढं नवं सरकारी केंद्र निघेल ते मागास भागातच. चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले होते, वाळूजच्या माळावर शेड उठत होत्या, त्यात हेही एक. दोन हुकमांची एका फायलीत सोयरीक जुळली आणि वऱ्हाड मुकुंदवाडीत येऊन उतरलं.

संचालक तात्यासाहेब. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालवे काढून निवृत्त झालेले, सरळ, भित्रे आणि मनानं चांगले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, लग्न झाल्यावर, विजारीचे पाय दुमडून. दिल्लीनं त्यांना चाळीस विषय पाठवले होते: नळ्या गंजू नयेत म्हणून काय करावं, पाण्यावरचा फलाट हलका कसा करावा, पात्याचे दात झिजू नयेत म्हणून काय, असे. चाळीस तज्ज्ञांना विचारून त्यांचा क्रम लावायचा, एवढंच काम. तज्ज्ञांनी मन लावून उत्तरं दिली. चाळिसांनी आपापला विषय पहिला लिहिला. तात्यासाहेबांनी दोन वर्षं तोडगा शोधला आणि शेवटी गणपतीपुढं चिठ्ठ्या टाकल्या. तर सदतीस तज्ज्ञांची हरकत आली, की चिठ्ठ्या सारख्या आकाराच्या नव्हत्या.

त्या चाळिसांत एक विषय होता चिखल. समुद्रात भोक पाडताना आत विशिष्ट चिखल सोडावा लागतो म्हणे, आणि तो फार महाग पडतो. त्रिंबकनं हे ऐकलं तेव्हा तो चहाचे कप विसळत होता. कप हातात तसाच राहिला. चिखलाला पैसे पडतात ही गोष्ट त्याला नवी होती. त्याच्या आईला चिखलानं फुकटात गिळलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं.

त्रिंबकचं गाव हिवरवाडी, पैठणच्या अलीकडं. मेंढरं राखणाऱ्यांची पंचवीस घरं. जायकवाडीचं धरण भरलं तशी जुनी हिवरवाडी पाण्याखाली गेली आणि लोकांना वरच्या खडकाळ माळावर प्लॉट मिळाले. सरकारी कागदावर नव्या हिवरवाडीची पाण्याची सोय ‘उत्तम’ होती, कारण धरणाचं पाणी अर्ध्या किलोमीटरवर. हे दिवाळीला खरं असायचं. उन्हाळ्यात पाणी मागं मागं सरायचं, दोन-अडीच किलोमीटर, आणि मधे उरायचा काळा गाळ, वरून सुकलेला आणि आतून लोण्यासारखा. बाया त्यातून हंडे आणायच्या. मागच्या वैशाखात त्रिंबकची आई बानाबाई त्यात कमरेपर्यंत गेली. वय साठीच्या पुढं. दोर घेऊन माणसं धावली, त्रिंबक सुट्टीवर आलेला, तो सगळ्यांत पुढं. बानाबाई डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी धरून उभी होती. म्हणाली, “आधी हंडा घे. सांडंल. मला मग वढा.”

त्या दिवसापासून त्रिंबकच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वस्तीवर बोअर झाला पाहिजे, आईच्या डोक्यावरचा हंडा उतरला पाहिजे.

आणि गंमत बघा. बोअर मारायचं यंत्र त्याच्या डोळ्यांपुढं उभं होतं. केंद्राला प्रयोगासाठी एक गाडी मिळाली होती, मागं उंच मनोरा असलेली, दोनशे-तीनशे फूट खडक फोडणारी. गिरणीच्या मागच्या आवारात ती दोन वर्षं उभी होती. तिच्यावर बन्सी नावाचा चालक होता. तो रोज तिला पुसायचा आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा. इकडून तिकडं न्यायची मात्र परवानगी नव्हती. त्रिंबकनं चार वेळा अर्ज केला, की वस्तीवर एक भोक पाडून द्या. चारही वेळा केंद्रातूनच केंद्राच्या शिपायाला रीतसर उत्तर आलं, ‘सदर यंत्र समुद्रासाठी आहे.’ उत्तर कडूबानं टाइप केलेलं असायचं, आणि ते त्रिंबकच्या टेबलावर त्रिंबकच नेऊन ठेवायचा.

कडूबा हा केंद्राचा टायपिस्ट. बौद्धवाड्यातला, कमी बोलणारा, बोटं मात्र मशीनवर पावसासारखी. त्याचा आणि तात्यासाहेबांचा एक जुना झगडा होता, तो न बोलता चालायचा. केंद्र विद्यापीठाशी संलग्न, म्हणून पत्राच्या माथ्यावर विद्यापीठाचं नाव पाहिजे. आणि विद्यापीठाच्या नावावरून तर सगळा मराठवाडा पेटलेला. नामांतराच्या बाजूचे मोर्चे एका दिवशी, विरोधातले दुसऱ्या दिवशी, दोन्ही केंद्राच्या दारावरूनच जायचे. तात्यासाहेबांनी शहाणपणा केला. कोऱ्या कागदावर ‘विद्यापीठ’ एवढंच छापून घेतलं आणि त्याच्या आधी चार बोटं जागा मोकळी सोडली.

कडूबा ती मोकळी जागा प्रत्येक पत्रावर भरायचा. बाबासाहेबांचं पूर्ण नाव, पदवीसकट, सुबक अक्षरांत. तात्यासाहेब सही करायच्या आधी पांढऱ्या शाईची बाटली उघडायचे आणि कुंचल्यानं ते नाव झाकायचे. दोन वर्षांत केंद्रातून तीनशे पत्रं गेली आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पांढरा डाग.

“कशाला एवढा खटाटोप करतो?” त्रिंबकनं एकदा विचारलं. “साहेब पुसणारच हैत.”

कडूबानं मशीन थांबवलं. “आठ्ठ्याहत्तरला ठराव झाला आन् आठ दिवसात गावात आमचं घर जाळलं. बाप म्हनला, घर नावापायी गेलं, आता नाव तरी पुरं लिहीत जा.” मग पुन्हा टकटक सुरू. त्या साली त्रिंबकच्या वस्तीनं कुणाचं घर जाळलं नव्हतं, पण कुणाचं विझवलंही नव्हतं. त्यानं कडूबाला चहा आणून दिला, आणि त्या दिवशी तो स्वतःच्या पैशाचा होता.

फेब्रुवारीत दिल्लीचं निर्वाणीचं पत्र आलं. क्रम लागत नसेल तर मार्चअखेर समुद्रात एक प्रत्यक्ष वेध घ्यावा, म्हणजे भोक पाडावं, त्यात जी बाब सर्वांत स्वस्त पडेल तिला अग्रक्रम एक द्यावा, अन्यथा केंद्र बंद. तात्यासाहेबांनी आधी जायकवाडीकडं धाव घेतली. जुन्या खात्यातले मित्र चहा पाजून म्हणाले, “तात्या, तीस वर्षं आपल्यात होतास आणि आता धरणाच्या बुडाला भोक पाडायला निघालास?” झालं. तात्यासाहेब परत आले ते डोकं धरूनच.

त्रिंबकनं नियमांचं पुस्तक पुसता पुसता उघडलं होतं. त्यात नियम चौदावा होता: ‘या प्रयोगापुरते, ज्या जमिनीवर किमान तीन फूट खोल खारे पाणी उभे असेल, ती जागा समुद्र समजावी.’ त्यानं तो दोनदा वाचला. मग टोपी काढून साहेबांपुढं उभा राहिला.

“साहेब, समुद्र लागतोय ना? मी देतो आणून.”

“कुठून आणतोस?”

“आमच्या वस्तीवर करतो. आठ दिवस द्या.”

तात्यासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग नियम चौदाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर काडीच समुद्र देते म्हणत होती. “किनारा जरा नीट करा,” एवढंच ते म्हणाले.

त्रिंबकनं वस्तीवर जाऊन सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले. मग कुणी हसेना.

“म्हंजी पाण्यासाठी भोक पाडायचं,” शेजारची केसरबाई बोटं मोडत म्हणाली, “आन् भोक पाडायला आधी पाणी आनायचं. तेबी चिखलातनं.”

“व्हय.”

“किती?”

“बारा फूट लांब, बारा फूट रुंद, तीन फूट खोल. मी हिशोब केलाय. आठशे हंडे.”

बानाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा उचलला. “आयुष्यभर वाहिलं, तवा काय मिळालं? आठशेच हैत ना,” म्हणाली. “चला.”

जागा कुठली, याचा प्रश्नच नव्हता. बानाबाई पायाळू. आईच्या पोटातून पायाकडून जन्माला आलेली. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, हे मराठवाड्यात शाळेत न जाताही सगळ्यांना माहीत असतं. ती तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी माळभर फिरली. एका बोरीपाशी नारळ आपोआप उभा राहिला. तिथं भंडारा टाकला, नारळ फोडला, आणि पुरुषांनी कुदळी घातल्या. हात-दोन हात खाली पांढरा मुरूम लागला. खड्डा काढला, कडेनं बांध घातला, धरणातला काळा गाळ आणून आतून लिंपला, म्हणजे थेंब मुरायचा नाही. ज्या गाळानं बानाबाईला धरलं होतं, त्यानं पाणीही तसंच घट्ट धरून ठेवलं.

पाच दिवस बाया समुद्र भरत होत्या. सकाळी रांग उतरायची, रांग चढायची. त्यांच्या माना आखडल्या, पाय फुटले, ओव्या संपल्या आणि मग शिव्या सुरू झाल्या. शेवटच्या दिवशी तात्यासाहेब पट्टी घेऊन आले. तीन फूट एक इंच भरलं. मग त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचा चेहरा पडला. “गोडं आहे रे.”

त्रिंबकनं पैठणहून खडेमिठाचं एक पोतं आणून ठेवलेलंच होतं. पोतं रिकामं करून वेळूच्या काठीनं ढवळलं. तात्यासाहेबांनी पुन्हा चाटलं. “खारट आहे,” ते म्हणाले, आणि वहीत तसं लिहिलं. दोन वर्षांत आपल्या केंद्राला पहिल्यांदा समुद्र लाभला, या विचारानं त्यांना खरंच भरून आलं होतं.

बन्सीनं गाडी उलटी घेत समुद्राच्या काठाला लावली. मनोरा पाण्यावर उभा केला, खारं पाणी भोकात जाऊ नये म्हणून तळापासून वरपर्यंत जाड लोखंडी नळी बसवली, आणि यंत्र सुरू झालं. माळ हादरला. आधी पांढरी भुकटी, मग तासन्‌तास काळी. शंभर फूट, दीडशे फूट, नुसता कोरडा धुरळा. त्रिंबक ती भुकटी चिमटीत घेऊन घेऊन बघत होता. आठशे हंडे, आणि खाली काहीच नसलं तर आईच्या नजरेला नजर कशी द्यायची? एकशे नव्वद फुटांवर भुकटी तांबडी झाली. बन्सी ओरडला, “गेरू लागली!” आणि दुसऱ्या मिनिटाला नळीतून पाण्याचा फवारा मनोऱ्याच्या टोकापर्यंत उडाला.

बाया लुगड्यासकट त्याखाली नाचल्या. पोरं लोळली. तात्यासाहेब भिजत उभे राहून विचारत होते, “तेलाचा वास येतोय का कुणाला? जरासा?” कुणाला येत नव्हता. त्रिंबक बोरीखाली बसून लहान पोरासारखा रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

हातपंप बसायला केंद्राचं पत्र लागणार होतं. तोवर बन्सीनं नळीच्या तुकड्याला खाली झडप लावून एक लांबट बादली करून दिली. समुद्रावर फळी टाकली. बाया फळीवरून खाऱ्या पाण्यावर चालत जायच्या, मधल्या नळीत बादली सोडायच्या आणि गोडं पाणी शेंदून आणायच्या. पैठणला कुणी विचारलं तर सांगायच्या, “आमचं पानी समुद्रात हाय.”

तात्यासाहेबांनी अहवाल लिहायला घेतला. प्रयोगात सर्वांत स्वस्त काय पडलं? गाडी नाही, डिझेल नाही, पात्याचे दात तर नाहीतच. जागा शोधायला मोठमोठ्या कंपन्यांची जहाजं फिरतात, इथं एक नारळ लागला होता आणि तोही नंतर वाटून खाल्ला होता. त्यांनी अर्धा दिवस पेन चावलं आणि शेवटी लिहिलं: ‘अग्रक्रम एक: पायाळू व्यक्ती.’ चाळीस तज्ज्ञांचं भांडण मिटलं, कारण ते सगळे एकदमच दुसरे झाले. या आनंदाच्या भरात पांढऱ्या शाईची बाटली उघडायची राहिली. तात्यासाहेबांनी सही ठोकली आणि पत्राच्या माथ्यावरचं नाव, पहिल्यांदाच, जसं होतं तसं दिल्लीला गेलं.

महिना गेला. एप्रिलातल्या एका सकाळी कडूबानं त्रिंबकला गिरणीमागं बोलावलं. त्याच्या हातात एक लांब पाकीट होतं. सरकारी शिक्का, दिल्लीचं. कड ब्लेडनं इतकी हळू कापलेली, की उघडलंय हे कळू नये.

“हे आज उघडलं,” कडूबा म्हणाला. “आलं त्याला तेरा दिवस झाले.”

“तेरा दिस? आन् ठिवलं कुठं?”

“घरी.” कडूबानं पाकीट त्याच्यापुढं धरलं. पत्त्यात विद्यापीठाचं नाव होतं, बाबासाहेबांच्या नावासकट, टाइप केलेलं, सरकारच्या मशीनवर. दिल्लीच्या कारकुनानं केंद्राचं पत्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं असणार. “पोस्टमन म्हनला, असलं विद्यापीठच नाय, परत धाडतो. मी म्हनलो, हाय. सही करून घेतलं. बापाला नेऊन दाखवलं. त्याला वाचता येत नाय. बोट ठिवून ठिवून त्यानं इचारलं, ह्यातलं बाबासाहेब कुठलं? रोज सांजच्याला मागून घेतो. फाडायचं म्हनलं की हात उचलंना.”

त्रिंबकनं आतलं पत्र वाचलं. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन होतं आणि पायाळू व्यक्तींची जिल्हावार संख्या मागवली होती. दुसरा परिच्छेद असा होता: ‘तथापि सदर वेधात तेल अथवा वायू न आढळता केवळ गोडे पाणी आढळले. सबब प्रयोग अयशस्वी. समुद्रातील अयशस्वी वेध नियम बावीसप्रमाणे सिमेंटने कायमचा बंद करणे बंधनकारक. पत्र मिळाल्यापासून पंधराव्या दिवशी अधिकारी सिमेंटसह येतील.’

“परवा!” त्रिंबक ओरडला. “तुझ्या नावापायी माझ्या आईचं पानी चाललं, कडूबा!”

शब्द तोंडातून गेला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. कडूबाचा चेहरा काळवंडला, पण तो चिडला नाही.

“आधी उघडलं असतं,” तो हळूच म्हणाला, “तर आपल्याला आधी कळलं असतं, हे खरं हाय. माझं चुकलं. आता चल, काय करायचं ते करू. मीबी येतो.”

पैठणच्या एसटीत दोघं एका बाकावर बसले आणि नियम बावीस चारदा वाचला. ‘समुद्रातील’ असं त्यात होतं. जमिनीवरच्या भोकाबद्दल अक्षर नव्हतं. म्हणजे समुद्र हटवला की झालं. त्रिंबकनं वस्तीवर तसं सांगितलं, आणि बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

“भरला आमीच, आन् उपसायचाबी आमीच?” केसरबाई म्हणाली. “दोन दिसात? आन् वतायचं कुठं? मीठ हाय त्यात. रानाचं वाटुळं व्हईल.”

बानाबाई बांधावर बसून पाण्यात बोट फिरवत होती. मेंढपाळाला मीठ म्हटलं की एकच गोष्ट आठवते. “मेंढरांना मीठ लई आवडतं,” ती म्हणाली. “आमी त्यांला दगडावर टाकून चाटाया देतो. हे तर पातळच हाय.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आसपासच्या नऊ वस्त्यांचे कळप हिवरवाडीच्या माळावर आले. ऊन तापलेलं, मेंढरं तहानलेली. बांध एका बाजूनं फोडून उतार केला. शंभर शंभर मेंढरं खाली उतरायची, माना घालायची, आणि पोटं टम्म फुगवून दुसऱ्या बाजूनं वर यायची. कडूबा काठावर उभा राहून काठी हातात धरून रांग लावत होता. त्यानं जन्मात मेंढरू वळलं नव्हतं, आणि ते दिसतही होतं. दोन हजारांवर मेंढरं पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खड्ड्यात लेंड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. मधोमध नळी तेवढी उभी.

तिसऱ्या दिवशी जीप आली. तपासणी अधिकारी मुंबईहून आलेले, मागं सिमेंटची सहा पोती, शेजारी तात्यासाहेब, चेहरा पांढराफटक. अधिकारी खड्ड्याशी आले, आत बघितलं, हातातल्या नकाशात बघितलं.

“समुद्र कुठं आहे?”

बानाबाई पुढं झाली. “पिला.”

“कुणी पिला?”

तिनं माळाकडं हात केला. लांबवर मेंढरं बाभळींच्या सावलीला बसली होती.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. “हे पाहा, समुद्र नसेल तर मला भोक बंद करता येत नाही. जमिनीवरचं भोक दुसऱ्या खात्याचं. पण समुद्र नाही असं लिहिलं, तर प्रयोग झालाच कुठं, असं निघेल. मग अहवाल खोटा, केंद्र खोटं, आणि हे यंत्र इथं आणणारे सगळे...” त्यांनी तात्यासाहेबांकडं बघितलं. “काय लिहू मी?”

त्रिंबकला पुढचं कळून चुकलं. साहेबांनी ‘खरं ते लिहा’ म्हटलं की संपलं. आणि साहेब तर सरळ माणूस.

तात्यासाहेबांनी खड्ड्याकडं बघितलं. फळीवर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बानाबाईकडं बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला. “ओहोटी लिहा,” ते म्हणाले.

“काय?”

“ओहोटी आहे, साहेब. आमच्याकडं ती जरा लांबते.”

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडं बराच वेळ रोखून बघितलं. मग वर सूर्याकडं. मग बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: ‘स्थळपाहणीच्या वेळी ओहोटी असल्याने काम होऊ शकले नाही. भरती आल्याचे केंद्राने कळवताच वेध बंद करण्यात येईल. तोवर वेध आहे त्या स्थितीत ठेवावा.’ खाली सही, शिक्का. जीप सिमेंटसकट धुरळा उडवत गेली.

बानाबाईला त्यातलं काही कळलं नव्हतं. “काय लिव्हलं रं?”

“आपली वस्ती समुद्रात हाय असं लिव्हलंय,” त्रिंबक म्हणाला. “पानी सध्या उतरलंय म्हनं. हातपंपाला आडकाठी नाय.”

बानाबाईनं ते मनात घोळवलं. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं, तिथंच कुठंतरी तिचं घर होतं, तुळशीसकट.

“म्हंजी आपुन पुन्हा बुडालो,” ती म्हणाली.

“कागदावर.”

“मागल्या टायमाला कागदावर बरं हुतो, पानी उत्तम हाय म्हून. आन् बुडालो खरंच.” तिनं मान हलवली. “ह्या टायमाला बरं केलं साहेबांनी.”

मग तिनं नळीत बादली सोडली, भरभरून पाणी शेंदलं आणि हंडा काठोकाठ भरला. उचलून डोक्यावर घ्यायला तिचे हात सवयीनं गेले, आणि मधेच थांबले. ती खड्ड्याच्या कडेच्या दगडावर बसली, भर दुपारी, सगळ्यांसमोर, लुगड्यासकट.

“त्रिंबका,” ती म्हणाली, “डोक्यावरून वत. समदा.”

त्यानं हंडा उचलला. सांडेल म्हणून त्याचेही हात जपूनच चालले होते. बानाबाई रागावली, “जपून काय वततू? वत की!” मग त्यानं अख्खा हंडा तिच्या पांढऱ्या केसांवर उपडा केला. पाणी तिच्या कपाळावरून, मानेवरून, सुरकुतलेल्या हातांवरून वाहत खडकात गेलं. वस्तीवरच्या एकाही बाईनं पाणी वाया गेलं असं म्हटलं नाही. बानाबाईचे डोळे मिटलेलेच होते. “आजूक एक,” ती म्हणाली, आणि केसरबाई बादली घेऊन फळीकडं गेली.